यहुदी समाजात शेवटचा शब्द कोणाचा, राजाचा की धर्मगुरूचा?

पायवाट_७७:
नमस्कार मंडळी. सध्या बायबलमधला जुना करार मराठीत सलग वाचतोय, शमुवेलची दोन्ही पुस्तकं झाली. एक गोष्ट सारखी जाणवतेय की यातले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, राजाच्या तोंडावर बोलतात. दावीद राजाने आपला सैनिक उरीया याला लढाईत पुढे पाठवून मारवलं आणि त्याची बायको आपल्या घरात आणली, तर नाथान हा संदेष्टा येतो, गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो आणि राजा ती ऐकून चिडला की म्हणतो, तो माणूस तूच आहेस. आणि राजा त्याचं मुंडकं उडवत नाही, गुन्हा कबूल करतो! मग राजावर धर्माचा अधिकार होता असं समजायचं का? आणि पुढे राज्यच गेलं तेव्हा समाज कोण चालवत होतं, रब्बी (यहुदी धर्मगुरू) की पैसेवाले? पोपसारखं एकच पद का तयार झालं नाही? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, नुसती लिंक नको.

देवगिरी:
नाथानचा प्रसंग माझाही फार आवडता आहे. तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, मांडणी बघितली तर अधिकार मुद्दाम वाटून दिलेला दिसतो. याजक, म्हणजे देवळातले पुरोहित, अहरोनच्या वंशातले, राजघराणं यहूदा वंशातल्या दावीदचं, आणि संदेष्ट्याला वंशाची अटच नाही, कोणीही असू शकतो, आमोस तर मेंढपाळ होता. तोरातल्या 'अनुवाद' या पुस्तकात म्हटलंय की राजाने नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचावी, म्हणजे राजा कायद्याच्या वर नाही. उज्जीया राजा देवळात शिरून स्वतः धूप जाळायला गेला तेव्हा याजकांनी त्याला अडवलं, हे तुझं काम नाही म्हणाले, आणि कथेप्रमाणे तिथेच त्याच्या कपाळावर कोड उमटलं.

पण खरी परीक्षा झाली ती पुढे हास्मोनी घराण्याच्या काळात आणि लोक हा भाग वाचतच नाहीत म्हणून जरा लांबण लावतो. ग्रीक राजाविरुद्ध बंड करून जिंकलेलं हे घराणं मुळात याजकांचं. इ.स.पू. १४० मध्ये लोकांनी शिमोनला पुढारी आणि महायाजक अशी दोन्ही पदं दिली, पण ठरावात एक अट घातली की 'खरा संदेष्टा उभा राहीपर्यंत'. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, लोकांना आपण काहीतरी तात्पुरतं करतोय याची जाणीव होती. नंतरच्या वारसांनी राजा ही पदवीसुद्धा घेतली. अलेक्झांडर यन्नाय (इ.स.पू. १०३ ते ७६) राजाही आणि महायाजकही, आणि परूशी या धर्मनियमांचा अभ्यास करणाऱ्या पंथाशी त्याचं उभं वैर. मंडपांच्या सणाला तो वेदीपाशी उभा असताना लोकांनी हातातली महाळुंगं त्याला फेकून मारली! त्या सणाच्या विधीत महाळुंग लागतं त्यामुळे प्रत्येकाच्या हातात होतंच. त्याने सैन्य सोडलं, जोसेफस हा यहुदी इतिहासकार सहा हजार मेल्याचं सांगतो, आणि पुढच्या यादवीत आठशे विरोधकांना क्रुसावर चढवलं म्हणतो. एकाच माणसाच्या हातात तलवार आणि वेदी दोन्ही गेल्यावर काय होतं ते लोकांनी डोळ्यांनी बघितलं.

त्याच्यामागून त्याची बायको शलोमझियोन राणी झाली. बाई असल्यामुळे महायाजक होणं शक्यच नव्हतं म्हणून ते पद मुलाकडे गेलं, कायद्याचा कारभार तिने परूशींकडे दिला आणि तिची नऊ वर्षं लोकांनी सुखाची म्हणून लक्षात ठेवली. ती गेल्यावर दोन्ही मुलं गादीसाठी भांडली, दोघांनीही रोमन सेनापती पॉम्पीकडे धाव घेतली, आणि तेव्हा तिसरं एक शिष्टमंडळ त्याला भेटून म्हणालं की आम्हाला या दोघांपैकी कोणीच राजा नको, आमची जुनी रीत याजकांची आहे. इ.स.पू. ६३ मध्ये पॉम्पी जेरुसलेममध्ये शिरला आणि स्वातंत्र्य संपलं. पुढे रोमच्या आश्रयाने राज्य करणाऱ्या हेरोद राजाच्या काळात तर महायाजक त्याच्या मर्जीने नेमले आणि काढले जायचे. मग इ.स. ७० साली जेरुसलेमचं मंदिरच जळलं आणि योहानान बेन झक्काय या विद्वानांनी यावने गावात शिकवणं चालू ठेवलं, तिथून मान वंशापेक्षा विद्येकडे सरकला.

नीला_व:
देवगिरी, तुमचं पटलं, पण शेवटच्या ओळीवरून असं वाटेल की पुढे सगळं विद्वानांच्या हातात आलं. तसं झालं नाही. बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, रेश गालुता नावाचं पद होतं, निर्वासितांचा प्रमुख. हे घराणं दावीदचे वंशज म्हणवायचं, कर गोळा करायचं, न्यायाधीश नेमायचं आणि आधी इराणी बादशहा, नंतर खलिफा त्याला मान्यता द्यायचे. दुसरीकडे सुरा आणि पुम्बेदिता इथल्या विद्यापीठांचे प्रमुख, त्यांना गाओन म्हणत. यांचं जमायचंही आणि फाटायचंही.

सगळ्यात गाजलेलं भांडण सादिया गाओन यांचं. दावीद बेन झक्काय या रेश गालुताने ९२८ साली स्वतः त्यांना सुराच्या गादीवर बसवलं, माणूस बाहेरचा, इजिप्तमधला. दोनेक वर्षांत एका मोठ्या वारसाहक्काच्या निकालावर सही करायची वेळ आली, ज्यात रेश गालुताला त्या मालमत्तेचा दहावा हिस्सा मिळणार होता असं नाथान नावाच्या बाबिलोनी लेखकाने लिहून ठेवलंय. पुम्बेदिताच्या प्रमुखाने सही केली. सादियांनी आधी टाळलं आणि खोदून विचारल्यावर स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. रेश गालुताचा मुलगा त्यांच्या अंगावर हात उगारायची भाषा करून आला. मग दोघांनी एकमेकांवर बहिष्कार टाकला, एकाने दुसरा गाओन नेमला आणि दुसऱ्याने दुसरा रेश गालुता, आणि वाद गेला खलिफाच्या दरबारी, तिथे ज्याच्याकडे पैसा त्याची सरशी झाली. सादिया बरीच वर्षं पदाबाहेर राहिले पण त्यांनी लिखाण थांबवलं नाही, त्यांचा तत्त्वज्ञानावरचा मोठा ग्रंथ याच काळातला. ९३७ च्या सुमारास समेट झाला. आणि मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट पुढची आहे, दावीद वारला, ज्याने धमकी दिली होती तो मुलगाही काही महिन्यांत गेला, आणि त्याच्या मागे राहिलेल्या बारा वर्षांच्या पोराला सादियांनी स्वतःच्या घरी आणून शिकवलं.

पोलंडमध्ये १७६४ पर्यंत यहुद्यांची चार प्रांतांची परिषद होती, लुब्लिनच्या जत्रेत भरायची, तिथे राजाला द्यायचा कर वाटून घेणारे पुढारी होते व्यापारी, आणि रब्बी ठराविक मुदतीच्या करारावर नेमलेला असायचा. म्हणजे पगार देणारे कोण हे विसरू नका. १६५६ मध्ये अॅमस्टरडॅमला स्पिनोझा या तत्त्वज्ञावर बहिष्कार टाकला तो ठरावही समाजाच्या पंच मंडळाचा होता, रब्बींच्या न्यायालयाचा नव्हे. पोप का नाही याचं उत्तर मला इथे दिसतं, रब्बीचा शब्द त्याच्या गावापुरता, त्याच्याहून मोठा विद्वान पलीकडच्या गावात असू शकतो आणि लोक त्याच्याकडे पत्र पाठवून विचारू शकतात.

पायवाट_७७:
दोघांचेही मनापासून आभार, सादियांची गोष्ट वाचून खरंच थांबलो. पण मग परक्या राजाचा कायदा आणि आपला कायदा यांची टक्कर झाली तर? आणि आपल्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांमध्ये रब्बी होते का? अलिबागजवळ नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे एवढंच मला माहीत आहे.

रेवदंड्याचा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या शतकातल्या शमुएल या बाबिलोनी विद्वानाने मोजक्या शब्दांत दिलंय, राज्याचा कायदा तो कायदा. कर, जमीन, व्यवहार यात सरकारचं मानायचं, खाण्यापिण्यात, शब्बाथात (शनिवारच्या विश्रांतीत), लग्नात नाही.

दुसऱ्याबद्दल, मी बेने इस्रायल घरातलाच. आमच्यात रब्बी नव्हते. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारी माणसं, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. आमच्या परंपरेत सांगतात की दावीद राहबी नावाचे गृहस्थ आले, त्यांनी लोकांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशा तीन घरांतल्या माणसांना तयार केलं, त्यांना काजी म्हणत. ते गावं फिरायचे, लग्नं लावायचे, सुंता करायचे, भांडणं मिटवायचे. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) बांधल्यावर चित्र बदललं, तिथे मुकादम मुख्य, त्याच्यासोबत चौगुले, हिशेबाला गब्बाय, प्रार्थनेला हज्जान, आणि हळूहळू फिरत्या काजीचं वजन कमी झालं. शब्द बघा ना, मुकादम, चौगुले, काजी, सगळे आपल्या मराठी मुलखातले.

पण जे मला सांगायचंच आहे ते इस्रायलमधलं. तिथे यहुद्यांची लग्नं धर्मन्यायालयाच्या हातात आहेत, १९५३ च्या कायद्याने. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावताना त्याच्या आईच्या बाजूचे पूर्वज जमेल तेवढे मागे तपासावेत. शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ पाळलेल्या लोकांना हा अपमान सहन कसा होणार? १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं, नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा बसल्या होत्या असं आमच्या घरी सांगतात. शेवटी ऑगस्टमध्ये संसद बोलावली गेली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदी आहेत असं ठामपणे म्हटलं आणि महिना संपायच्या आत मंडळाने त्या फर्मानातून आमचं नाव काढलं.

तुमच्या नाथानच्या जागी इथे बिनपदाची माणसं होती आणि समोर राजाऐवजी धर्मगुरू. नवगावला जाणार असाल तर सांगा, कुठून वळायचं ते नीट सांगतो, पावसात तो रस्ता चिखलाचा होतो.