चोवीस विहिरींची नोंद पंधरा मिनिटांत कशी मांडावी?

विहीर_नोंदवही :
नमस्कार. मी एका पाणलोट संस्थेत काम करते. गेली तीन वर्षे आम्ही, आमच्या संस्थेने बंधारे बांधलेल्या एका गावातील चोवीस विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजत आहोत आणि ही सगळी नोंद पुढच्या महिन्यात जिल्हा पातळीवरच्या बैठकीत मांडायची आहे. समोर अधिकारी असतील, शेजारच्या गावांचे सरपंच असतील आणि पाणी समितीतील शेतकरीही असतील. वेळ पंधरा मिनिटांचा आहे आणि माझ्या स्लाइड चौतीस झाल्या आहेत.

मागच्या खेपेचा अनुभव मनाला लागला आहे. सभागृहातल्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांच्या रांगा दिसू लागल्या. मग मी हातातल्या छापील प्रतीवरून एकेक ओळ वाचत गेले, आणि मान वर केली तेव्हा निम्मी मंडळी आपापसांत बोलत होती. आमच्या मुलांनी मे महिन्याच्या उन्हात विहिरीच्या काठावर ओणवे होऊन फीत सोडून ही मोजणी केली आहे; ती माझ्या मांडणीमुळे वाया जाऊ नये, असे फार वाटते. चौतिसांतल्या कोणत्या स्लाइड ठेवाव्यात?

निवृत्त_अध्यापक :
ताई, स्लाइड किती हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. बैठकीहून घरी परतलेल्या सरपंचांना कोणी विचारले की, 'त्या बाईंनी काय सांगितले?' तर त्यांनी कोणते एक वाक्य सांगावे असे तुम्हाला वाटते, ते आधी कागदावर लिहा. त्या वाक्याला आधार देणारी स्लाइड ठेवावी; बाकीच्या शेवटी राखीव म्हणून लावाव्यात, म्हणजे कोणी विचारलेच तर दाखवता येतील.

दुसरे म्हणजे शीर्षके. 'भूजल पातळी : विश्लेषण' या शीर्षकातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. 'बंधाऱ्याखालच्या विहिरींत मे महिन्यातही पाणी टिकले' असे पूर्ण वाक्य शीर्षकात घातले, तर खालचा आलेख काय पाहण्यासाठी आहे हे त्याला लगेच समजते. मात्र शीर्षकात खालच्या आकड्यांपेक्षा जास्त दावा करू नये.

याबाबतीत नासाच्या कोलंबिया या अवकाशयानाचे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देत असे. 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाण होत असताना बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याच्या परिणामाचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. पण तळाशी, बारीक अक्षरांतल्या उपमुद्द्यांत, असे लिहिलेले होते की फोमचा आकार 1920 घन इंच धरलेला असून चाचणीतला तुकडा फक्त 3 घन इंचांचा होता. म्हणजे ज्या चाचणीच्या भरवशावर दिलासा दिला, ती चाचणी सहाशेचाळीस पट लहान तुकड्याची होती. 1 फेब्रुवारीला परतताना यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताचे कारण फोमचा आघात हेच होते, स्लाइड नव्हे. तरीही चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा केली, कारण ती वाचणाऱ्या वरिष्ठांना धोक्याची तीव्रता कळणे अवघड होते. तुमच्या नोंदीत जी गोष्ट सर्वांत अडचणीची असेल, ती तळाशी बारीक अक्षरांत जाऊ देऊ नका, एवढेच मला यातून सांगायचे आहे.

अक्षरजुळणी :
मागच्या वेळी तुमची फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असणार. अशा फॉन्टमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मूळची रोमन चिन्हे उघडी पडतात. नुसता फॉन्ट बदलून हे सुटत नाही; मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि त्यानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावे लागतात. सोबत पीडीएफ प्रतही न्या आणि सभागृहातल्या संगणकावर ती आदल्या दिवशीच उघडून पाहा.

देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त अंतर लागते, कारण वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार. मी अठ्ठावीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर ठेवत नाही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना रोमन 'बी' ची कळ दाबली की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. चर्चा रंगली की लोकांचे लक्ष पडद्यावरून बोलणाऱ्याकडे आणायला हे फार उपयोगी पडते. स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबल्यास थेट त्या स्लाइडवर जाता येते, म्हणून राखीव स्लाइडचे क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवावेत.

बांधावरून :
मी आमच्या गावच्या पाणी समितीत आहे आणि अशा बऱ्याच बैठकांना बसलो आहे. एक विनंती आहे. पाण्याची खोली दाखवणाऱ्या आलेखात बहुतेक वेळा शून्य तळाशी असते, त्यामुळे पाणी खोल गेले की रेघ वर चढते, आणि रेघ वर गेली म्हणजे पाणी वाढले असे आम्ही समजून बसतो. शून्य वरच्या कडेला ठेवा आणि तिथे 'जमीन' असे लिहा, म्हणजे विहिरीत डोकावल्यासारखे दिसेल. मीटरसोबत फूटही लिहा. परसाचा, म्हणजे विहिरीची खोली मोजण्याच्या जुन्या मापाचा, हिशेब तोंडी सांगितलात तर जुनी माणसे लगेच मान डोलावतील.

चोवीस रेघा एका आलेखात कोणालाच दिसत नाहीत. एकच विहीर घ्या, तिची तीन वर्षांची कहाणी सांगा आणि मग बाकीच्यांकडे वळा. आणि एक प्रश्न नक्की येईल, मीच विचारला असता: यंदा पाऊसच बरा झाला असेल तर बंधाऱ्याचे श्रेय कसे?

विहीर_नोंदवही :
सर्वांचे मनापासून आभार. दादा, तुमचा प्रश्न वाचून मी नोंदी पुन्हा उघडल्या. चोवीसपैकी सोळा विहिरी बंधाऱ्यांच्या खालच्या बाजूला आहेत आणि आठ पलीकडच्या ओढ्यावर, जिथे आमचे काही काम झालेले नाही. पाऊस दोन्हीकडे एकाच मापकाने मोजलेला आहे. म्हणजे ही आठ विहिरींची नोंद, जी मी चौतिसाव्या स्लाइडवर ढकलली होती, तीच पुढे आणायला हवी. सोळांपैकी तीन विहिरींत काहीच फरक पडलेला नाही. त्या कुठे दाखवू?

निवृत्त_अध्यापक :
त्याच आलेखात दाखवा, वेगळ्या रंगात, आणि त्यांचा उल्लेख कोणी विचारण्याआधी तुम्ही स्वतः करा. त्या तीन विहिरींखालचा खडक किंवा त्यांवरचा उपसा वेगळा आहे का, हे मोजणी करणाऱ्या मुलांना विचारा. जमल्यास त्यांच्यापैकी एकाला ती दोन मिनिटे बोलू द्या.

विहीर_नोंदवही :
त्यातल्या दोन विहिरींवर मोठ्या मोटारी बसवल्या आहेत, असे आजच फोनवर कळले. तिसरीचे कारण शोधायला उद्या सकाळी गावात जात आहे. स्लाइड आता अकरा आहेत आणि मोजणीतला एक मुलगा बोलायला तयार झाला आहे.