जुनी फायबरची शिडाची होडी, तळाला फोड

खाडीकाठचा: मंडळी, मालवणात १८ फुटी जुनी फायबरची शिडाची होडी स्वस्तात मिळाली, अंगणात माडाखाली ओंडक्यांवर चढवलीय. रंग खरवडला तर तळाला रुपयाएवढे फोड, एक फोडला तर व्हिनेगरसारखा वास येणारं चिकट पाणी आलं. गणपतीआधी रेझिन मारून मोकळा होऊ का?

देवगडचा वारा: अजिबात नको रे बाबा! जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत झिरपलंय, वरून लेप दिलास तर ते आतच कोंडणार आणि वर्षभरात परत फोड. सगळे फोड ग्राइंडरने उघड, गोड्या पाण्याने धूत रहा, दिवाळीनंतर वाळू दे, मग एपॉक्सी रेझिन मार, पॉलिस्टर रेझिन नको. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटव, सकाळी आतून दव दिसलं की समज अजून ओली आहे.

तांडेलआजा: ग्राइंडर चालवताना मास्क नि फुल बाह्यांचा शर्ट घाल, फायबरच्या धुळीची खाज काय असते ते मी भोगलंय. आणि डेक हातोडीच्या दांड्याने ठोकून बघ, टणटण वाजला तर ठीक, बद्द वाजला तर फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड कुजलंय.

खाडीकाठचा: ठोकला काका. डोलकाठीच्या बुडाशी हातभर बद्द 😭