मदत हवी आहे: सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीत राणीघरं दिसतायत. विभाजन करावं की मधासाठी तशीच ठेवावी?

नमस्कार मंडळी,

जावळी तालुक्यातल्या आमच्या गावात मधपाळांचा एक छोटा गट आहे. नोंदणी वगैरे काही नाही. रविवारी सकाळी कुणाच्या तरी बांधावर जमायचं, एकानं चौकटी उचलायच्या, बाकीच्यांनी बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. शेजारच्या तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि आमच्याकडच्या तरुण पोरांनाही यात गोडी वाटायला लागली. मध संचालनालय महाबळेश्वरातच असल्यानं तिथं शिकून आलेलेही काही जण गटात आहेत. पोळ्यातून मध काढायचं मधयंत्र एकच, ते आळीपाळीनं फिरतं.

आता अडचण सांगतो. काल आमची सगळ्यात जोरदार पेटी उघडली. आठ चौकटींची, सातेरीची. कडेची एक सोडली तर सगळ्या चौकटी माश्यांनी झाकलेल्या. मधल्या पोळ्यांवर अंडी, अळ्या, बंद घरं भरपूर, राणीही दिसली. बाहेरच्या बाजूला नरांची घरं आहेत, टोपीच्या टोकाला ते बारीक भोक असलेली. आणि दोन पोळ्यांच्या खालच्या कडेला राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची मोठी घरं, लोंबतायत. त्यातल्या दोघांत चांगली पोसलेली अळी आहे, पांढऱ्या खाद्यात पडलेली. तोंडं अजून बंद झालेली नाहीत.

जांभळाला कळ्या धरल्यात. त्यामागून गेळा, हिरडा. वर्षाचा मध याच दोन-तीन महिन्यांत मिळतो, नंतर पावसाळाभर पाकावर जगवायचं. म्हणून गटात दोन मतं पडलीत. एक म्हणतो, राणीघरं खुडा, माश्या एकत्र ठेवा, वर मधकोठी (मध साठवायचा कप्पा) चढवा. दुसरा म्हणतो, खुडलीत तरी त्या नवीन बांधणारच, आज ना उद्या अर्धी पेटी झाडावर जाऊन बसेल, त्यापेक्षा आताच दोन वसाहती करा. गटात नव्यानं आलेल्या दोन ताईंना पेटी द्यायचीही आहे. पण वाटणी केली आणि ऐन बहरात दोन्ही पेट्या दुबळ्या पडल्या तर?

शिवाय एक जुनं, काळं पडलेलं पोळं आहे. तळपाटावर त्याचा चुरा पडतोय. पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्याची जाळी मात्र दिसली नाही. ते काढावं का?

कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.

प्रतिसाद १

दादा, पहिली गोष्ट, पुढच्या रविवारची वाट बघू नका. राणीघराचं तोंड बंद झालं की जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघते. अळी एवढी मोठी असेल तर हातात दोन-तीनच दिवस आहेत.

राणीघरं नुसती खुडून भागत नाही. दाटी तशीच राहते, त्या पुन्हा बांधतात, आणि सातेरीत एखादं राणीघर माश्यांच्या गर्दीखाली हमखास नजरेतून सुटतं. विभाजनच करा, पण जुनी राणी हलवा. राणी असलेली चौकट, बंद पिल्लांची आणखी एक आणि मध-परागाची एक अशा तीन चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत घाला. त्यांवर एकही राणीघर राहू देऊ नका. नवी पेटी थोडी दूर ठेवा, दार दोन माश्या जातील एवढंच उघडं ठेवा.

जुनी पेटी जागेवरून हलवू नका. चारा आणणाऱ्या सगळ्या माश्या सवयीनं तिथंच परततात. तिथं एकच राणीघर ठेवा, सगळ्यात मोठं आणि सरळ, बाकीची काढा. दोन ठेवली तर पहिली राणी बाहेर पडल्यावर पुन्हा झुंड निघू शकते. नवी राणी अंडी घालायला लागेपर्यंत त्या पेटीत पोसायला अळ्या कमी असतात, त्यामुळे जांभळाचा बराच मकरंद सरळ मधकोठीत जातो. मधाचं नुकसान वाटतं तितकं होत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक धोका तेवढा सांगते. अंड्यापासून सोळा दिवसांच्या आसपास राणी बाहेर येते, मग आठवडाभरात मीलनासाठी उडते. त्या वेळी वेडे राघू आणि कोतवाल हे माश्या टिपणारे पक्षी तारेवर बसलेले असतात. राणी परतली नाही तर पेटी बिनराणीची होते आणि सातेरीत कामकरी माश्या फार लवकर अंडी घालायला लागतात. एकेका घरात दोन-तीन वेडीवाकडी अंडी दिसली की समजावं. म्हणून राणीघर फुटल्यावर दोन आठवडे पेटीला हात लावू नका, मग अंडी बघा. नाहीच दिसली तर जुन्या राणीची पेटी परत तिच्यात मिसळता येते. तोवर ती पेटी ताईंना देऊन टाकू नका.

काळं पोळं काढाच. चुरा पडतोय म्हणजे माश्या स्वतःच ते कुरतडतायत, सातेरीची ती सवयच आहे. मात्र त्यात पिल्लं असतील तर चौकट कडेला सरकवा, पिल्लं बाहेर पडली की कापून मेण वितळवा. कापलेलं पोळं पेटीजवळ टाकू नका, मेणकिडा तिथूनच शिरतो.

प्रतिसाद ३

स्ट्रॉबेरीच्या शेतांजवळ पेट्या असतील तर फवारणी संध्याकाळी करा असं शेतकऱ्यांना गटानं जाऊन सांगा. एकट्यानं सांगितलं तर कुणी ऐकत नाही, दहाजण गेले की ऐकतात. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच फिरते, तेव्हा भेटायची घरं मोजकीच निघतील. रविवारच्या कामात हे पहिलं धरा.

धागाकर्ता

मनापासून आभार. राणीघरं खुडायची नाहीत यावर आज गटाचं एकमत झालं. उद्या उन्हं चढली, माश्या बाहेर पडल्या की विभाजन करतो. पेटी दोन्ही ताईंच्याच हातानं भरवून घेऊ, म्हणजे त्यांना राणी ओळखताही येईल. पेटी मात्र नव्या राणीची अंडी दिसल्यावरच त्यांच्याकडे जाईल. फवारणीसाठी या रविवारी पेट्या न बघता घरोघरी जायचं ठरलंय.

एकच विचारायचं राहिलं. नव्या पेटीला पहिले काही दिवस पाक द्यावा का? बाहेर फुलोरा थोडा आहे, पण चारा आणणाऱ्या माश्या जुन्या पेटीकडे परतल्यावर आत आणणार कोण, अशी काळजी वाटते.

प्रतिसाद २

द्या. साखर आणि पाणी सारखं, वाटीभर, अंधार पडल्यावर आणि पेटीच्या आतच. थेंबही बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर जोरदार पेटीच्या माश्या लुटायला येतील. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, पाकाच्या वासानं मुंग्या पहिल्या रात्रीच येतात. आतल्या माश्या बाहेरून पराग आणताना दिसल्या की पाक बंद.