थायरॉइड आहे, आता एसजीपीटीही (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चढलंय. हे ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच यकृतावर केलेला हल्ला) धरायचं का?

प्रश्न (ओपीडी_दुपारची):
३८ वर्षांच्या बाई. हाशिमोटो (थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार), गोळी चालू, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) नॉर्मल. आठ महिन्यांत तीनदा एसजीपीटी १८० ते २४०. अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल, एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या) निगेटिव्ह, एएनए (ऑटोइम्यून आजारात दिसणारी अँटीबॉडी) १:८०. बायोप्सीला नकार आहे. थेट स्टेरॉइड चालेल का?

काचपट्टी:
नाही. एवढा एएनए फॅटी लिव्हरमध्ये आणि धडधाकट माणसातही दिसतो. आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) केलंय का? ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या निदानासाठीच्या २००८ च्या सोप्या गुणपद्धतीत अँटीबॉडीचे जास्तीत जास्त २, आयजीजी कमाल मर्यादेच्या १.१ पटीवर असेल तर २, व्हायरस नसल्याचे २. बेरीज ६, म्हणजे 'संभाव्य'. 'निश्चित'ला ७ लागतात, ते बायोप्सीशिवाय येतच नाहीत. शिवाय अँटीबॉडीच्या गुणांसाठीचे टायटर (१:८० सारखी प्रमाणं) उंदराच्या ऊतींच्या छेदावरच्या चाचणीला धरून ठरवलेत. लॅबनं हेप-२ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) केलं असेल तर १:८० ला फारसं वजन देऊ नका. एएसएमए आणि एलकेएम-१ (या आजारातल्या इतर अँटीबॉडी) पण पाठवा.
बायोप्सीत पोर्टल भागाच्या कडेच्या पेशी कुरतडलेल्या आणि भोवती प्लाझ्मा पेशींचा गराडा दिसतो का, ते बघायचं.

मात्रा_आणि_मोजमाप:
त्याआधी काढा विचारा! 'औषध काय घेता?' म्हटलं की गुळवेल कुणी सांगत नाही, कारण ती त्यांच्या लेखी औषध नसतेच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद छापली. आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली, पण चित्र ऑटोइम्यूनसारखंच होतं. लघवीच्या इन्फेक्शनसाठी नायट्रोफ्युरँटोइन दीर्घकाळ चालू होतं का, तेही विचारा.
हाशिमोटो आहे म्हणून टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची तपासणी), सोबत टोटल आयजीए. सीलिअ‍ॅक निघाला तर नुसतं ग्लूटेन (गहू, जव वगैरे) बंद करूनही एसजीपीटी उतरू शकतं.

ओपीडी_दुपारची:
आयजीजी नाही झालं. टोटल प्रोटीन ८.६, अल्ब्युमिन ४.०.

काचपट्टी:
म्हणजे ग्लोब्युलिन ४.६, वाढलेलं; आयजीजी जास्त असल्याचा इशारा. हाच धागा धरून बायोप्सीसाठी पुन्हा समजवा.

मात्रा_आणि_मोजमाप:
निदान पक्कं झालं तरी स्टेरॉइडआधी अँटी-एचबीसी टोटल (हिपॅटायटिस बी पूर्वी होऊन गेल्याची खूण) हवंच. एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही दडलेला हिपॅटायटिस बी स्टेरॉइडखाली उसळतो. हे पॉझिटिव्ह आलं तर या व्हायरसचा डीएनए करून अँटिव्हायरलचं आधी ठरवा.
प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ३० मिग्रॅ, साधारण दोन आठवड्यांनी अ‍ॅझाथायोप्रिन ५० मिग्रॅ (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी). टीपीएमटी (ही गोळी शरीरात निकामी करणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून गाफील राहू नका, आपल्याकडे एनयूडीटी१५ (त्याच कामाचं दुसरं जनुक) चा फरक जास्त नडतो. सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). पांढऱ्या पेशी झपाट्यानं पडल्या किंवा केस गळू लागले तर ही दुसरी गोळी तिथेच थांबवा. एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही सलग दोन वर्षं नॉर्मल राहिल्याशिवाय औषध बंद करण्याचा विषय काढू नये. त्यानंतरही निम्म्याहून अधिक जणांमध्ये आजार उलटतोच.