मदत हवी आहे: एचआयव्हीच्या भीतीने तीन वर्षं दाताच्या डॉक्टरकडे गेलेलो नाही

नमस्कार मंडळी, घरी बोललो तर हसतील म्हणून इथे विचारतोय. माझी उजवीकडची खालची दाढ किडलीये, रूट कॅनाल सांगून तीन वर्षं झाली आणि मी गेलोच नाही. दुखण्याची भीती नाही, डोक्यात बसलंय ते एचआयव्ही. शेवटच्या वेळी खुर्चीत आ वासून पडलो होतो तेव्हा डॉक्टरांनी ड्रॉवरमधला आरसा तसाच उचलला, पाकीट वगैरे काही नाही, आणि त्याच्या दांड्यावर मला तपकिरी ठिपका दिसला. गंज असेल हो, पण त्या रात्री झोप उडाली ती उडालीच. दीड महिन्याने टेस्ट केली, तीन महिन्यांनी परत केली, दोन्ही निगेटिव्ह. तरी भीती जात नाही.

आता सगळं डावीकडून चावायचं, गार पाणी चुकून उजवीकडे गेलं की कपाळापर्यंत कळ जाते, हसताना हात आपोआप तोंडावर जातो, वास येत असेल म्हणून माणसांशी दोन हात लांबूनच बोलतो. तोंडाच्या दुखण्याने जगणं किती अडतं ते मोजायची ओएचआयपी-१४ नावाची प्रश्नावली असते, १४ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. ५६ पैकी माझे ३७ भरले. त्यात फ्लोरिडातली १९९० ची केस वाचून बसलोय, डेंटिस्टकडून पेशंटना लागण झाली ती.

डॉक्टरांना राग न येता हत्यारांबद्दल विचारायचं कसं? आणि बघायचं काय?

—

दाढदुखी_डॉक्टर: मी डेंटिस्ट आहे. विचारलं म्हणून राग येणाऱ्याकडे जाऊच नका. सरळ म्हणा, "पाकीट माझ्यासमोर फोडाल का?" सीलबंद पाकिटावर एक खूण असते, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गेली की तिचा रंग बदलतो, ती बघा. आत १२१ अंशाची वाफ दाबाखाली साधारण १५-२० मिनिटं लागते, त्यात एचआयव्ही काय, त्याहून चिवट जंतूही टिकत नाहीत. भुलीची सुई आणि कार्ट्रिज (भुलीच्या औषधाची नळी) प्रत्येकाला नवीन, आणि ड्रिलचा हँडपीससुद्धा (आम्ही हातात धरतो तो भाग) दर पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह व्हायला हवा, हे विचाराच, इथेच आळस होतो. फ्लोरिडात डॉक्टर स्वतः पॉझिटिव्ह होता, सहा पेशंटना लागण झाली, ती नेमकी कशी हे शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि बाधित रक्ताची सुई थेट टोचली तरी धोका हजारात तीनच्या आसपास असतो. खरं सांगू, आम्ही स्वतः जास्त घाबरतो हेपटायटिस बीला, तो विषाणू बाहेर सात दिवस तग धरतो. त्याची लस घेतली नसेल तर घ्या. तीन महिन्यांची टेस्ट निगेटिव्ह आहे ना, मग तो आरसा सोडा आता.

नाव_कशाला: मी पॉझिटिव्ह आहे, रोज गोळ्या घेतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडतसुद्धा नाही. एका ठिकाणी फॉर्मवर खरं लिहिलं तर दिवसाची शेवटची अपॉइंटमेंट दिली, आणि मी बसायच्या आधी खुर्चीला प्लास्टिक गुंडाळत होते ते मी दारातून बघितलं. पुढच्या ठिकाणी लिहिलंच नाही. मलाही दाढ आहे भाऊ, तीही ठणकते. एकच विनंती, "तुमच्याकडे एचआयव्हीवाले येतात का" असं विचारू नका. ज्याला स्वतःलाच माहीत नाही तोही त्याच खुर्चीत बसून जातो, म्हणून तर काळजी सगळ्यांसाठी सारखी घ्यायची असते.

मी (धागाकर्ता): नाव_कशाला, लाज वाटली वाचून. दोन क्लिनिकना फोन करून मी नेमकं हेच विचारलं होतं, आणि एकाने "नाही हो, तसले नाही येत" म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. आज तिसरीकडे पाकिटाचं विचारलं, पलीकडची बाई म्हणाली समोरच फोडतो, हँडपीसचंही दाखवते. गुरुवारी जातोय. सगळा भार घेऊन डावीकडची दाढपण हल्ली शिवशिवतेय, तीही दाखवून येतो.