पुढची साथ यायच्या आधी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नक्की काय बसवावं?

डोंगरवाडीकर:
आमच्या पीएचसीला एका कंपनीकडून सीएसआरचे पैसे मिळतायत. मीटिंगमधे कोणी ड्रोन म्हणतं कोणी एआय, ठरत काहीच नाही. कोरोनात आमच्याकडे स्वॅबचा रिपोर्ट यायला पाच-सहा दिवस लागायचे, तोवर माणूस अख्खी वाडी फिरून यायचा, माझे काका त्यातच गेले. पुन्हा तसं होऊ नये एवढंच वाटतं. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

टीबी_लॅबवाला:
दादा, काकांचं वाचून वाईट वाटलं. रिपोर्टचाच प्रश्न असेल तर ट्रूनॅट बघा. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं मशीन आहे, बॅटरीवर चालतं, एसी रूम लागत नाही, तास-दीड तासात रिझल्ट. मुळात टीबीसाठी आलं, २०२० मधे त्याच मशीनवर कोविडची चिप टाकून टेस्ट करायला लागलो आम्ही. म्हणजे साथ नसताना पण ते रोज वापरात राहतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कपाटात ठेवलेलं मशीन ऐन वेळी चालू होत नाही आणि चालवणाऱ्याचा हातही बसलेला नसतो. फक्त चिपांचा स्टॉक आणि एक टेक्निशियन याची सोय आधी करा.

सिस्टर_पीएचसी:
लसीची बाजू विसरू नका. आमच्या आयएलआरमधे, म्हणजे लसींच्या फ्रीजमधे, ईविनचा (लसींवर ऑनलाइन लक्ष ठेवणाऱ्या सरकारी सिस्टीमचा) सेन्सर आहे, टेंपरेचर २ ते ८ च्या बाहेर गेलं की मोबाईलवर मेसेज येतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आला, कॉम्प्रेसर बंद पडलेला. मी आणि शिपाईमामा टॉर्च घेऊन गेलो, आइस पॅक बाहेर काढून एकेक कानाशी धरून हलवले, आत पाणी खळखळलं की मगच कोल्ड बॉक्समधे लावायचे, नाहीतर पेंटासारखी लस गोठून वाया जाते. पहाटेपर्यंत सगळ्या लसी शिफ्ट केल्या, एक व्हायल वाया नाही गेली. सेन्सर नसता तर सकाळी कुलूप उघडल्यावर कळलं असतं. म्हणून म्हणते, आधी सोलर आणि चांगला बॅकअप घ्या. पुण्यात जी एमआरएनए लस बनली, २०२२ मधे परवानगी मिळालेली, ती पण २ ते ८ मधेच ठेवायची आहे, उणे सत्तरचा फ्रीजर नको. म्हणजे पुढच्या साथीत तशी लस आली तर आपल्याच आयएलआरमधे राहील, तो धड असला पाहिजे!

जव्हारचा_पोरगा:
ड्रोनला एकदम नाही म्हणू नका हां. २०२१ च्या डिसेंबरमधे आमच्याकडे पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला लसीचे ३०० डोस ड्रोनने नेले, गाडीला चाळीस मिनिटं लागतात तिथे नऊ-दहा मिनिटात पोचले. पण एका पीएचसीने विकत घ्यायची वस्तू नाही ती, जिल्ह्याने चालवायची.

डोंगरवाडीकर:
सिस्टरताई, दादा, मनापासून आभार. सोमवारी ग्रामीण रुग्णालयात जाऊन त्यांच्याकडे ट्रूनॅट आहे का, चिपा किती शिल्लक आहेत ते विचारतो, आणि आमच्या आयएलआरला बॅकअप किती तासांचा आहे तेही बघून इथेच लिहितो.