अध्यक्ष ठरवण्याआधी नेट चालवायला द्या

हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) क्लबात ‘ज्याचं लायसन्स सर्वात जुनं, त्यालाच अध्यक्ष करा’ असं म्हणतात, पण हे मत मला पटत नाही. मोर्स (टिंब-रेघांची संदेशलिपी) उत्तम येणं वेगळं आणि माणसं सांभाळणं वेगळं. इच्छुकांना आधी महिनाभर साप्ताहिक नेटचा, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीचा, कंट्रोल द्या, कोण कसं आहे ते आपोआप कळतं. आमच्या क्लबात एका ताईंना लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. नेटवर एक नवखा मुलगा स्वतःचा कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळणारं ओळखचिन्ह) सांगताना तीनदा अडखळला. मध्ये बोलणाऱ्यांना ताईंनी थांबवलं आणि म्हणाल्या, “सावकाश सांग, आम्ही ऐकतोय.” पुढच्या निवडीत त्याच सचिव झाल्या, आणि तो मुलगा आता क्लबाच्या रिपीटरच्या (सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या) बॅटऱ्या बघतो.

रिपीटर सांभाळणारा मात्र पदाधिकाऱ्यांपेक्षा वेगळाच हवा. २ मीटर बँडवर ६०० किलोहर्ट्झच्या ऑफसेटसाठी (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतल्या अंतरासाठी) डुप्लेक्सर, म्हणजे ते दोन सिग्नल वेगळे ठेवणारा फिल्टर, ट्यून करत बसणाऱ्याच्या गळ्यात सभेचं इतिवृत्त मारलं, की दोन्ही कामं रखडतात. खजिनदार दर दोन वर्षांनी बदला, माणूस कितीही भला असो. आणि पद सोडताना रिपीटरच्या खोलीची किल्ली व कंट्रोल कोड (रिपीटर दुरून चालू-बंद करायचा आकडा) लेखी सोपवायला लावा. ते न सोपवल्यामुळेच आमचा रिपीटर तीन आठवडे बंद होता.